लेक पॉवेलवर पहिल्यांदा वेकबोर्डिंगला जाताना: आधी घड्याळ ठरवा, मग बोट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दोन कुटुंबे, एकूण सात जण, तीन दिवसांसाठी अमेरिकेतल्या लेक पॉवेल या सरोवरावर जाणार आहेत. बोट वाहवीपच्या धक्क्यावरून भाड्याने घ्यायची आहे. बोट चालवण्याचा अनुभव एकालाच आहे आणि तोही लहानशा तलावावरचा. वेकबोर्डवर, म्हणजे दोन्ही पाय बांधून उभे राहायच्या आणि बोटीमागे दोराने ओढल्या जाणाऱ्या फळीवर, आजवर कोणीही उभे राहिलेले नाही, आणि मुले नऊ व तेरा वर्षांची आहेत. कोणती बोट घ्यावी, कोणत्या भागात जावे, हाउसबोट घ्यावी का आणि मुलांना हे जमेल का, असे तुम्ही विचारले आहे. या सरोवरावर माझे सतरा-अठरा उन्हाळे गेले आहेत आणि त्यांतला बराचसा वेळ नवख्यांना बोर्डवर उभे करण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या यादीतला पहिला प्रश्न बोटीचा नसून वेळेचा असायला हवा होता, कारण बाकीची सगळी उत्तरे त्यातूनच निघतात.

लेक पॉवेलवर पहाटे पाणी काचेसारखे असते. जुलैअखेरीस सरोवरालगतच्या पेज गावाच्या घड्याळाप्रमाणे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साधारण साडेनऊ-दहापर्यंत पाणी शांत राहते. त्यानंतर खडक तापतात, वारा सुटतो, आणि त्याच सुमारास मरीनातून, म्हणजे बोटींच्या बंदरातून, निघालेल्या बोटींची वर्दळ सुरू होते. साध्या तलावावर दुसऱ्या बोटीने उठवलेली लाट काठाच्या उतारावर जाऊन विरते. इथे काठ म्हणजे पाण्यातून सरळ उभ्या राहिलेल्या वालुकाश्माच्या भिंती आहेत. लाट भिंतीवर आपटते, परत येते, समोरच्या भिंतीवरून पुन्हा उलटते, आणि अरुंद भागात एक हाउसबोट गेली तरी दहा-पंधरा मिनिटे पाणी उकळत असल्यासारखे दिसते. सराईत माणूस अशा पाण्यातही बोर्ड चालवतो. पण ज्याला अजून पाण्यातून उठायचे आहे, त्याच्या बोर्डाची कड दर दुसऱ्या सेकंदाला उलट्या लाटेत अडकते आणि तो तोंडावर आपटतो. आपल्याला हे जमणार नाही असे त्याला वाटू लागते. प्रत्यक्षात दोष त्याचा नसतो, दुपारी दोनच्या पाण्याचा असतो.

आता हिशेब मांडा. नवख्या माणसाला एका वेळी पाण्यात दहा-बारा मिनिटांहून अधिक ठेवू नये, कारण त्यानंतर हाताची पकड जाते आणि पकड गेली की शिकणेही थांबते. चढणे-उतरणे धरून माणशी वीस मिनिटे लागतात. म्हणजे सात जणांची एक फेरी पूर्ण व्हायला दोन तास वीस मिनिटे जातात. सकाळच्या चार तासांत प्रत्येकाला एक फेरी नक्की आणि उत्साही मंडळींना दुसरी मिळू शकते. हे चार तास हुकले, तर दिवसभराचे भाडे भरून तुम्ही फक्त नौकाविहार कराल.

ते बहुधा कसे हुकतात, तेही सांगतो. एका दिवसासाठी बोट भाड्याने घेतली की ती सकाळी कार्यालय उघडल्यावर मिळते. मग कागदपत्रे, सूचनांची चित्रफीत, बोटीवरच्या जुन्या ओरखड्यांची नोंद आणि इंधनाची पाहणी होते. धक्का सोडेपर्यंत साडेनऊ वाजतात, म्हणजे चांगले पाणी संपता संपता बोट तुमच्या हातात येते. म्हणून एकेका दिवसाची दोन भाडी करण्यापेक्षा सलग दोन-तीन दिवसांचे एकच भाडे करा आणि रात्री बोट आपल्याकडे ठेवता येईल का, आली तर कुठे बांधायची, हे नोंदणी करतानाच विचारून घ्या. पहिल्या दिवसाची दुपार बोटीची सवय करून घेण्यात घालवा. वेकबोर्डिंगचा खरा दिवस दुसरा, आणि अर्धा तिसरा.

घड्याळाबाबत आणखी एक खोच आहे. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करत नाही, युटा करते, आणि हे सरोवर दोन्ही राज्यांत पसरलेले आहे. वाहवीपचा धक्का ॲरिझोनात आहे, पण काही मैलांवरचा लोन रॉकचा किनारा युटात येतो. मोबाइल कोणत्या मनोऱ्याला चिकटला आहे त्यानुसार वेळ तासाभराने उडी मारते. एका वर्षी आम्ही पहाटे साडेचारचा गजर लावून किर्र अंधारात उठलो, चहा करून तयार झालो आणि मग लक्षात आले की गजर साडेतीनला वाजला होता. उलट दिशेची चूक झाली तर उशीर होतो, आणि बोट परत करायला उशीर झाला की दंड भरावा लागतो. फोनवरची आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करून सगळ्यांनी ॲरिझोनाची वेळ लावावी, हा आमच्या गटाचा पहिला नियम आहे.

महिन्याविषयी माझे मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. जुलैअखेरीस पाणी ऐंशी अंश फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे अगदी सुखद असते. परंतु हवा शंभरीला टेकते, गर्दी शिगेला असते आणि मॉन्सूनची दुपारची वादळे सुरू झालेली असतात. शाळेचे बंधन नसते तर मी सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा सुचवला असता. तेव्हा पाणी अजून उबदार असते, बोटी निम्म्याने कमी होतात आणि वाराही बराच निवतो. एप्रिल-मे मात्र टाळाच, कारण पाणी थंडगार असते आणि वसंतातला वारा दिवसेंदिवस थांबत नाही. जुलैलाच जाणार असाल तर दुपारी ढग चढताना दिसले की पाण्यातून बाहेर पडा आणि अरुंद घळींमध्ये पायी शिरू नका. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाच हवा असे नाही. 12 ऑगस्ट 1997 रोजी पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. पाऊस काही मैल दूर पडला होता.

आता जागा. लेक पॉवेल हे नैसर्गिक सरोवर नव्हे. ग्लेन कॅन्यन धरणामागे कोलोरॅडो नदीचे पाणी 1963 पासून साठू लागले आणि सरोवर पूर्ण भरायला 1980 उजाडले. पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 3,700 फूट धरली जाते. 2023 च्या सुरुवातीला ती 3,520 फुटांच्याही खाली गेली आणि त्याच उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाने साठ फुटांहून अधिक वर आली. हे आकडे देण्यामागे कारण आहे. इथला नकाशा दरवर्षी, किंबहुना दर महिन्याला बदलतो. गेल्या वर्षी कोणी दाखवलेली वाळूची चौपाटी यंदा पाण्याखाली असू शकते, आणि गेल्या वर्षी वीस फूट खोल असलेला खडक यंदा पृष्ठभागाखाली दोन फुटांवर टपलेला असू शकतो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात नॅशनल पार्क सर्व्हिसच्या (राष्ट्रीय उद्यान सेवेच्या) संकेतस्थळावर पाण्याची पातळी, बोटी पाण्यात उतरवण्याचे कोणते रॅम्प उघडे आहेत आणि कॅसल रॉक कट ही खिंड बोटींसाठी खुली आहे की नाही, या तीन गोष्टी पाहा. ही खिंड खुली असेल तर वाहवीपहून वॉर्म क्रीकच्या उपसागरात झटकन पोहोचता येते. बंद असेल तर मुख्य प्रवाहाने सुमारे बारा मैलांचा वळसा पडतो आणि तुमच्या चार तासांतला मोठा तुकडा त्यातच जातो.

खिंड खुली असेल तर माझी पहिली पसंती वॉर्म क्रीकच्या आतल्या फाट्यांना आहे आणि बंद असेल तर नावाहो कॅन्यनला. नावाहो कॅन्यन लांब आणि वळणावळणांचा आहे, त्यामुळे वारा आत सरळ घुसत नाही, आणि भल्या पहाटे तिथे कोणी नसते. पाद्रे बे छायाचित्रांत फार सुंदर दिसतो, पण तो उघडा आहे. तिथे वारा सुटला की लहान बोटीत बसलेल्यांचा जीव मुठीत येतो. मुख्य प्रवाहात तर वेकबोर्डिंग करूच नका. रेनबो ब्रिज ही दगडाची नैसर्गिक कमान पाहण्याचा मोह होईल, पण तो वाहवीपहून जवळपास पन्नास मैल आहे. एका दौऱ्यात शिकणे आणि पाहणे दोन्ही बसवू नका, विशेषतः इंधनाचा विचार करता. मधल्या टप्प्यावरचे डँगलिंग रोप येथील तरंगते इंधनकेंद्र 2021 मधल्या वादळात मोडले, तेव्हापासून वाटेत पेट्रोल मिळेल या भरवशावर मी कधी निघत नाही. टाकीचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव, हा जुना हिशेब इथे काटेकोर पाळावा.

हाउसबोट पहिल्या खेपेस नको. ती संथ असते, वाऱ्यात आवरत नाही, आणि संध्याकाळी ती नांगरण्यात तुमच्यातले सगळे धडधाकट लोक अडकून पडतात. पेजमध्ये हॉटेल घेऊन बोट मरीनातच रात्रभर बांधता आली तर सर्वांत सोपे. नाहीतर लोन रॉकच्या किनाऱ्यावर तंबू ठोकता येतो, मात्र तिथली वाळू फसवी आहे आणि चारही चाकांना जोर नसलेली गाडी पाण्याजवळ नेऊ नये. किनाऱ्यावर मुक्काम करणार असाल तर एक नियम लक्षात ठेवा: सरोवराच्या काठापासून पाव मैलाच्या आत राहणाऱ्यांना स्वतःचे फिरते शौचालय सोबत बाळगणे आणि वापरणे बंधनकारक आहे.

बोट रात्री वाळूला लावायची वेळ आलीच तर नाक वाळूत रुतवून मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोर तिरके किनाऱ्यावर न्यावेत आणि नांगर वाळूत चांगले हातभर खोल पुरावेत. दोन नांगर पुरेसे वाटतात, पण वाऱ्याच्या बाजूला तिसरा टाका. मी एकदा आळस केला. रात्री दोनच्या सुमारास वारा फिरला, एक नांगर निसटला आणि सकाळी पाहतो तो बोट किनाऱ्याला समांतर आडवी झालेली, मागच्या फळीवर ओल्या वाळूचा थर आणि पंखा निम्मा गाडलेला. पाणी काचेसारखे होते, आणि आम्ही साडेनऊपर्यंत फावड्याने वाळू उपसत होतो.

बोटीचा प्रश्न त्यामानाने लहान आहे. भाड्याने मिळणाऱ्या बोटींत मनोरा असलेली, म्हणजे दोर उंचावरून बांधता येणारी बोट असेल तर ती घ्या. उंचावरून ओढ मिळाली की माणूस पाण्यातून लवकर वर येतो. वजनाच्या टाक्या भरून मोठी लाट उठवण्याची सोय असेल तर ती टाकी रिकामीच ठेवा, कारण मोठी लाट उडी मारणाऱ्यांसाठी असते आणि शिकणाऱ्याला ती फक्त पाडते. इंजिनाबाबत कंजुषी करू नका. हे सरोवर साडेतीन हजार फुटांवर आहे, विरळ हवेत साध्या इंजिनाची ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते, आणि सात माणसे भरलेली अशक्त बोट ऐंशी किलोच्या माणसाला पाण्यातून उपसू शकत नाही. चालक, निरीक्षक (ओढल्या जाणाऱ्यावर नजर ठेवणारा) आणि पुढचा शिकाऊ एवढेच बोटीत ठेवून बाकीच्यांना किनाऱ्यावर बसवले तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. अट एवढीच की किनाऱ्यावर सावली हवी, आणि ती तुम्ही सोबत न्यायला हवी.

दोर न ताणणारा असावा आणि नवख्यांसाठी पंचावन्न ते पासष्ट फुटांचा पुरतो. सरासरी बांध्याच्या, पंचाहत्तर किलोच्या माणसाला 135 ते 140 सेंटिमीटरचा बोर्ड चालतो. मधोमध थांबा न येता एकसलग वळलेला तळ असलेला बोर्ड मागा, कारण तो लाटेवरून सरळ आणि शांत जातो. पायाची बांधणी पुढून उघडी असेल तर वेगवेगळ्या मापांचे पाय त्यात बसतात. पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, मागचा पाय जवळजवळ काटकोनात, पुढचा पंधरा अंशांच्या आसपास पुढे वळलेला, असे बसवून घ्या. कोणता पाय पुढे हे ठरवायला माणसाला मागून हळूच ढकलावे. तोल सावरायला जो पाय आधी पडतो तो पुढचा.

पाण्यातून उठण्याची कृती वाचायला सोपी आणि करायला विचित्र आहे, कारण शरीराला जे करावेसे वाटते नेमके तेच करायचे नसते. पाठीवर तरंगत राहा, गुडघे छातीशी आणा, बोर्ड तुमच्या आणि बोटीच्या मध्ये आडवा, हात सरळ, गुडघ्यांच्या बाहेरून पुढे, आणि हातात दोराची मूठ. दोर ताणला गेला की तुम्हाला ओढले जाईल आणि पाणी बोर्डावर दाबू लागेल. त्या क्षणी प्रत्येक माणूस हात दुमडून दोर स्वतःकडे खेचतो आणि पाय ताठ करतो. दोन्ही चुकीचे. हात ताठ राहू द्या, गुडघे वाकलेलेच राहू द्या आणि बोटीला काम करू द्या. टाचा ढुंगणाजवळ येईपर्यंत बोर्ड आपोआप तुमच्या खाली सरकतो आणि तुम्ही उकिडवे बसलेल्या स्थितीत पाण्यावर आलेले असता. इथे एक-दोन सेकंद तसेच बसून राहा. मग पुढचा पाय बोटीकडे वळवा, मूठ पुढच्या कमरेशी आणा आणि सावकाश उभे राहा. मी नवख्यांना आधी किनाऱ्यावर वाळूत बसवतो, पायात बोर्ड घालून दोराचे दुसरे टोक स्वतः धरतो आणि ओढून उठवतो. असे दहा वेळा केले की पाण्यातले दहा अपयशी प्रयत्न वाचतात.

मात्र नवखा उठतो की नाही हे अर्ध्याहून अधिक चालकाच्या हातात असते. वेग एकदम वाढवला तर मूठ हातातून निसटते आणि फार हळू वाढवला तर माणूस बोर्डासकट पाणी ढकलत राहून दमतो. दोर ताणेपर्यंत बोट अगदी मंद चालवावी, हाकेसरशी एका लयीत वेग वाढवावा, आणि माणूस वर आला की ताशी सोळा ते एकोणीस मैलांच्या दरम्यान वेग स्थिर ठेवावा. मुलांसाठी बारा-चौदा पुरतात. सरळ रेषेत चालवा. माणूस पडला की घाईने वळण घेऊन परत येऊ नका, त्याने स्वतःच्याच लाटा सगळ्या खाडीत पसरतात आणि पुढच्यासाठी पाणी खराब होते. वेग पूर्ण उतरवावा, आलेल्या रेषेवरच शांतपणे मागे फिरावे आणि पडलेला माणूस सतत चालकाच्या बाजूला दिसत राहील असे जावे. तुमचा एकमेव अनुभवी चालक सर्वांत तरबेज शिकाऊही असेल तर त्याला आधी सांगून ठेवा की या दौऱ्यात त्याची जागा सुकाणूपाशी आहे.

नऊ वर्षांच्या मुलाला जमेल, आणि बहुधा बापाआधी जमेल, कारण त्याला दोर खेचण्याइतकी ताकदच नसते. त्याच्यासाठी लहान बोर्ड वेगळा मागून घ्या आणि दोर आखूड करा. तीन प्रयत्नांत नाही उठला तर बाहेर काढा आणि कोणीही काही बोलू नका. पुन्हा केव्हा जायचे ते त्याला ठरवू द्या.

राष्ट्रीय उद्यान सेवेचे नियम थोडे आहेत, पण ते तपासले जातात. सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात माणूस ओढता येतो. चालकाखेरीज बारा वर्षे पूर्ण झालेला निरीक्षक बोटीत हवाच, म्हणजे तुमचे तेरा वर्षांचे अपत्य हे काम करू शकते आणि सहसा मोठ्यांपेक्षा मन लावून करते. बंदर, पोहण्याचे किनारे आणि बोटी बांधण्याच्या जागा यांच्यापासून पाचशे फुटांच्या आत ओढू नये. ओढल्या जाणाऱ्याच्या अंगावर अमेरिकी तटरक्षक दलाची मान्यता असलेले लाइफ जॅकेट हवे. ही अट नीट वाचा, कारण स्पर्धांसाठीची पातळ, ऐटदार जॅकेटे बहुधा मान्यताप्राप्त नसतात आणि ती माणसाला तरंगतही ठेवत नाहीत.

एक धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या फळीवर बसणे, तिला लटकणे किंवा तिच्याभोवती पोहणे कोणालाही करू देऊ नका. ऑगस्ट 2000 मध्ये याच सरोवरावर आठ आणि अकरा वर्षांचे दोन भाऊ हाउसबोटीच्या मागच्या फळीखाली साठलेल्या कार्बन मोनॉक्साइडने बेशुद्ध होऊन बुडाले. या वायूला वास नसतो. आमच्या बोटीवर कोणी शिडीला हात लावण्याआधी चालक चावी काढून वर धरतो, आणि ती दिसेपर्यंत पाण्यातला माणूस जवळ येत नाही.

बाकी सामानाचे फार मनावर घेऊ नका. माणशी दिवसाला चार लिटर पाणी, लांब बाह्यांचे पोहण्याचे सदरे आणि टोप्या, आणि दुसऱ्या रात्री मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू ठणकतील त्यासाठी तयारी एवढे पुरे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत शेवटची फेरी संपवा. बोट परत करण्यापूर्वी टाकी भरण्याची अट असेल तर पेट्रोलच्या धक्क्यावरची रांग धरून तासभर राखून ठेवा. पुढच्या वर्षी स्वतःची बोट आणण्याचा विचार डोक्यात आला असेलच, तर हेही ऐकून ठेवा की 2013 पासून या सरोवरात क्वागा शिंपले आहेत, आणि हा उपद्रवी जीव बोटींतल्या पाण्यातून दुसऱ्या सरोवरांत पसरतो. बाहेर पडताना बुचे काढून तळातले आणि वजनाच्या टाक्यांतले सगळे पाणी काढावे लागते, आणि दुसऱ्या सरोवरात उतरवण्याआधी बोट नीट धुऊन पूर्ण वाळवावी लागते. वेकबोर्डिंगच्या बोटीत ते काम सर्वांत किचकट असते, कारण तिच्या टाक्यांत तळाशी थोडे पाणी नेहमीच राहते.